पेढी, लोहमार्ग आणि जहाज

सोलापूर म्हटले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चादरी, गिरण्यांची धुरांडी आणि सिद्धेश्वराचे तळे उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु कापडाच्या गिरण्या निघण्यापूर्वी, आणि त्या निघाल्यावरही, हे शहर व हा जिल्हा धान्याच्या आणि गळिताच्या मालाच्या उलाढालीवर जगत आला आहे. ज्वारी, करडई, जवस, भुईमूग ही येथली खरी संपत्ती होय. हा माल पिकविणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व विकणाऱ्यांविषयीही थोडेबहुत लिहिले गेले आहे. परंतु तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारा जो तिसरा वर्ग, त्याचा इतिहास आमच्याकडे फारसा कोणी लिहिलेला नाही. वस्तुतः दुष्काळाच्या प्रांतात अन्नाची किंमत ठरविण्यात ह्या तिसऱ्याचा वाटा पहिल्या दोघांइतकाच मोठा असतो. सोलापुरातील एका व्यापारी घराण्याच्या निमित्ताने तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे. हे घराणे म्हणजे शेठ वालचंद हिराचंद ह्यांचे दोशी घराणे.

प्रथम ह्या मुलुखाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत पडतो. येथला पाऊस मुख्यतः परतीचा, आणि पीक मुख्यतः रब्बीचे. काळ्या जमिनीत ओल धरून राहिली तर मंगळवेढ्याकडील ज्वारीसारखी ज्वारी अन्यत्र मिळणे कठीण. मोहोळच्या संशोधनकेंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण पुढे सगळ्या दख्खनात पसरले ते उगीच नव्हे. परंतु हस्ताचा पाऊस चुकला, की त्याच जमिनीत वैरणसुद्धा उभी राहात नाही. त्यामुळे एका वर्षी धान्य ठेवावयास पेवे पुरत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी तीच पेवे रिकामी, असा येथला क्रम आहे. पंधराव्या शतकात मंगळवेढ्यास बहामनी सुलतानांचा अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार गोरगरिबांस खुले केले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. तिच्यातील विठू महाराच्या चमत्काराचा भाग बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट त्या कथेत सहज दिसते. धान्य मंगळवेढ्यातच होते; ते कोठून आणावयाचे नव्हते. ज्या गावी कोठार नव्हते, त्या गावास दामाजीपंतांचा उपयोग नव्हता. जवळच्या गावी धान्य असूनही ते वेळेवर न पोचल्यामुळे माणसे मरत, हे जुन्या दुष्काळांचे एक मोठे लक्षण होते.

धान्य पोचविण्याचे काम त्या काळी वंजारी व लमाण लोकांच्या तांड्यांकडे असे. एका बैलावर गोणीत पक्के तीन मणांच्या आसपास ओझे घालीत, आणि शेकडो, प्रसंगी हजारो बैलांचा तांडा दिवसास सहा-आठ मैल चालत जाई. जाताना धान्य आणि येताना मीठ, असा त्यांचा व्यवहार चाले. मोगलांच्या फौजा त्यांच्यावर जगल्या, मराठ्यांच्या जगल्या, आणि १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत जनरल वेलस्ली ह्याची फौजही त्यांच्याच धान्यावर जगली. हा धंदा कुळाचा होता. नाईक हा तांड्याचा पुढारी; बैल, माणसे, उधारी व अब्रू हे सर्व एका कुळाच्या नावावर चाले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर धान्याची वाहतूक करणाऱ्या ह्या दख्खनातील पहिल्या कौटुंबिक कंपन्याच होत्या. मात्र त्यांच्या दप्तराचा कागद उरलेला नाही, म्हणून त्यांची नावेही उरलेली नाहीत.

तेलाची गोष्ट थोडी निराळी होती. तेल हा जड, गळका आणि वाटेत नासणारा माल. ते चामड्याच्या बुधल्यांतून नेत. पण बुधला फुटला की माल मातीत गेला, म्हणून लांबचा प्रवास त्यास मानवत नसे. ह्याकरिता प्रत्येक गावास आपला तेली व आपला घाणा होता. करडई-जवस गावातच गाळली जाई, तेल घरात जाई आणि पेंड गुरांच्या पुढ्यात किंवा शेतात पडे. येणेप्रमाणे ज्वारी दूरवर फिरत असे, आणि तेल मात्र गावातच राहात असे. ही जुनी व्यवस्था मोडली ती आगगाडीने.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा पुण्याहून दौंड, कुर्डुवाडी असा पुढे सरकत १८६० त सोलापुरास पोचला. बोरघाटाचा चढाव १८६३ त पुरा झाल्यावर सोलापूर ते मुंबई हे सुमारे २८३ मैलांचे अंतर सलग गाडीने तुटू लागले. १८७१ त हीच सडक रायचुरास मद्रासकडील रेल्वेस जाऊन मिळाली, आणि १८८४ त होटगीहून विजापुरावरून गदगपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यावर कर्नाटकातील मालही सोलापूरच्या बाजूस ओढला जाऊ लागला. नेमक्या ह्याच काळात, १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत, कापसाचे भाव गगनास भिडले होते. कापसाच्या पाठोपाठ गळिताच्या धान्यासही परदेशची मागणी आली. जवस युरोपात रंग व रोगण करण्यास लागे. तेल नेणे अवघड होते, पण बी नेणे सोपे होते. तेव्हा बी पोत्यांत भरून मुंबईस व तेथून परदेशी जाऊ लागले. बियाबरोबर पेंडही गेली. तेल्याच्या घाण्याचे काम कमी झाले, आणि गुरांच्या व जमिनीच्या वाट्यास जे परत यावयाचे, त्यातही तूट आली. वाहतूक सुधारली म्हणजे सर्वांचाच लाभ होतो, असे मानणाऱ्यांनी ह्या एका उदाहरणाचा विचार करावा.

ह्या नव्या व्यवस्थेची पहिली कठोर परीक्षा १८७६-७७ च्या दुष्काळात झाली. पाऊस साफ गेला, आणि सोलापूर जिल्हा त्या दुष्काळाच्या अगदी तोंडी सापडला. मुंबई सरकारने आपण होऊन धान्य न आणता ते काम खाजगी व्यापाऱ्यांवर सोपविण्याचे धोरण धरले. आगगाडी असल्यामुळे धान्य आले, हे खरे आहे. सोलापूरच्या स्थानकात परप्रांतांतून पोती उतरली, आणि मागील दुष्काळांप्रमाणे पैसे असूनही धान्य नाही, अशी स्थिती रेल्वेच्या काठी राहिली नाही. परंतु आलेले धान्य विकत घेण्याइतकी मजुरी दुष्काळी कामांवरील लोकांच्या हाती पडत नव्हती. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मजुरीचे मान दिवसास एक रत्तल धान्यावर आणले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध जे अर्ज व अहवाल पाठविले, ते आजही वाचनीय आहेत. शिवाय रेल्वेपासून वीस-पंचवीस मैल आत असलेल्या गावांस आगगाडी असून नसल्यासारखीच होती. बैलच मेल्यावर गाडी ओढणार कोण? १८८० च्या दुष्काळ कमिशनने रेल्वेचे जाळे वाढविण्याची शिफारस केली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

तांड्यांचे काय झाले, हेही येथेच सांगितले पाहिजे. आगगाडी येताच त्यांचा धंदा बसला. ज्यांच्या बैलांनी शतकानुशतके ह्या देशातील धान्य वाहिले, ते लोक बेकार झाले. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये त्यांच्यातील काही टोळ्यांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्काही मारण्यात आला. तो कायदा १९५२ त रद्द होईपर्यंत हा कलंक पुसला गेला नाही. एका वाहतुकीच्या जागी दुसरी आली, म्हणजे पहिलीच्या माणसांचे काय होते, ह्याचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

आता दोशी घराण्याकडे वळू. हे दिगंबर जैन कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. गेल्याच्या मागील शतकात ते दख्खनात आले व सोलापुरास स्थायिक झाले. सावकारी, कापूस आणि कापड हा त्यांचा व्यवसाय. शेठ हिराचंद नेमचंद ह्यांनी पेढीचे नाव वाढविले. पण ते केवळ पेढीवाले नव्हते. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले आणि आपल्या समाजात शिक्षणाचा व सुधारणेचा पुरस्कार केला. घरी गुजराती व बाजारात मराठी अशी ज्यांची रीत होती, अशा कुटुंबांपैकी हे एक. महाराष्ट्रातील व्यापाराचा इतिहास लिहिताना अशा कुटुंबांस परके समजण्याची चूक कित्येकजण करतात. आमच्या मते तीन पिढ्या एका शहराच्या नफ्यातोट्यात भागीदार झालेले घर त्या शहराचेच होय.

त्याच सुमारास मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास ह्यांनी १८७७ त सोलापुरास कापडाची पहिली गिरणी काढली. लोक तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. दुष्काळाच्या दिवसांत निघालेल्या ह्या गिरणीमुळे शहराचे स्वरूप पालटले, आणि सोलापूरच्या पेढ्यांचा मुंबईच्या भांडवलाशी निकटचा संबंध जडला. मोरारजींचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी आणि हिराचंदांचे चिरंजीव वालचंद हे दोघे चाळीस वर्षांनी एका जहाजाच्या कंपनीत एकत्र आले, ह्याचे मूळ सोलापूरच्या त्या जुन्या संबंधात पाहता येते. वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. शाळा सोलापुरास, पुढील शिक्षण मुंबई-पुण्यास; परंतु ते पुरे न करताच ते धंद्यात पडले. एकत्र कुटुंबाच्या पेढीत मुलाने गादीवर बसावे, आसामी सांभाळावी, व्याजाची आकारणी शिकावी, हा शिरस्ता होता. ह्या मुलाचे मन त्या गादीवर रमले नाही.

ह्यास कारण झाली ती बार्शीची छोटी आगगाडी. बार्शी ही बालाघाटाच्या माथ्यावरून उतरणाऱ्या मालाची जुनी बाजारपेठ. निजामाच्या राज्यातून कापूस, ज्वारी व गळिताचा माल बैलगाड्यांनी बार्शीस येई आणि तेथून एकवीस-बावीस मैलांवरील कुर्डुवाडीस, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्थानकास, पुन्हा गाड्यांनीच जाई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने हा व्यापार पाहिला आणि अडीच फूट रुंदीच्या रुळांची स्वस्त रेल्वे येथे चालेल असा हिशेब मांडला. त्याच्या योजनेतील मर्म असे की, इंजिन काय किंवा डबा काय, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यावयाचा नाही. भार असा सारखा वाटला, म्हणजे वारास अवघ्या ३० रत्तल वजनाचे हलके रूळही पुरतात. आणि तरीही चार आसांचा डबा मालासकट वीस टनांपर्यंत जाऊ शकतो. जेथे जोडीच्या गाडीवर अर्धा-पाऊण टन माल जाई, तेथे एका डब्यात पुऱ्या तांड्याचा माल मावू लागला. विलायतेत नोंदविलेल्या कंपनीच्या मालकीची ही रेल्वे १८९७ त, म्हणजे आणखी एका दुष्काळाच्या ऐन भरात, बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ त ती पंढरपुरास, १९११ त लातुरास आणि १९२७ त मिरजेस पोचली. एकंदर लांबी २०२ मैल झाली. वारकऱ्यांनी तिला आपली गाडी मानले हे खरे. पण तिच्या कमाईचा मोठा आधार लातूर-बार्शीची पोती हाच होता. लातूरच्या आजच्या आडत बाजाराचा पाया ह्या रुळांनीच घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्याच रेल्वेच्या बांधकामात वालचंदांचा नव्या धंद्यात प्रवेश झाला. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात, कशी मोजली जातात आणि बिले कशी मंजूर होतात, हे त्यांस पुरते ठाऊक होते. नव्हते ते भांडवल. दोशींच्या पेढीजवळ भांडवल व पत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या दोघांची भागी जमली, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे ह्या भागाचे काम हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय. एकाची माहिती आणि दुसऱ्याची तिजोरी असा हा मेळ होता. जातीबाहेरच्या माणसाशी अशी भागी करणे त्या काळच्या पेढ्यांत नित्याचे नव्हते, आणि कौटुंबिक पेढीचे रूपांतर कंपनीत होण्याची पहिली पायरी हीच होय. फाटक-वालचंद ह्या नावाने ह्या भागीने पुढे रेल्वेची कामे केली. आणि १९२६ त स्थापन झालेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने बोरघाटातील बोगद्यांचे मोठे काम केले, तेही ह्याच वाटेने पुढे गेल्यामुळे.

परंतु रूळ घालणे निराळे आणि रुळांची मालकी निराळी. कुर्डुवाडीच्या स्थानकात दोन मापांच्या रुळांची गाठ पडे. लातूरहून आलेले प्रत्येक पोते तेथे लहान डब्यातून काढून मोठ्या डब्यात भरावे लागे. त्यात हमालांस मजुरी मिळे, हे ठीक; पण खर्च, सांडलवंड व वेळ ह्यांचा भार शेवटी मालाच्या भावावरच पडे. लातूर निजामाच्या मुलुखात असल्यामुळे सरहद्दीची जकात आणखी निराळी. आणि भाड्याचे दर ठरविणार ते विलायतेतील संचालक. मुख्य रेल्वे कंपन्यांविषयी तर त्या काळी सर्रास तक्रार होती की, बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालास त्या सवलतीचे दर देतात, आणि देशातल्या देशात, एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणाऱ्या मालास चढे. ह्याचा अर्थ सोलापूरची करडई सोलापुरातच गाळून तेल मिरजेस पाठवावयाचे, तर त्यास सोय नाही; बी मुंबईस पाठवावयाचे, तर मात्र सोय. सोलापूरच्या पेढीने कितीही माल घेतला तरी त्या मालाची वाट दुसऱ्याच्या हाती होती. वालचंदांच्या पुढील आयुष्याचा उलगडा ह्या एका गोष्टीने होतो, असे आम्हांस वाटते.

जगातील ह्या धंद्याकडे नजर टाकली म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. मुंबई-कलकत्त्यास एकोणिसाव्या शतकात धान्य व गळिताचा माल खरेदी करणारी राली ब्रदर्स ही पेढी एका ग्रीक घराण्याची. फ्रान्समधील लुई ड्रेफस १८५१ पासूनची, आणि अमेरिकेतील कारगिल १८६५ पासूनची. ह्यांतील कारगिल हे घराणे तर आयोवा प्रांतातील एका साध्या धान्यकोठारापासून वर आले, आणि दीडशे वर्षांनंतरही त्याची मालकी घराण्यातच राहिली आहे. अशा पेढ्यांचे बळ केवळ हुशार खरेदीत नव्हते. रेल्वेच्या काठी कोठारे, बंदरात गोदामे आणि समुद्रावर जहाजे भाड्याने घेण्याची किंवा बाळगण्याची ताकद त्यांच्यापाशी होती. आमच्या देशी पेढ्यांपाशी अक्कल होती व उधारी वसूल करण्याचे कसबही होते. परंतु गावच्या पेठेच्या वेशीबाहेर त्यांची सत्ता संपत असे.

समुद्रावरील प्रयत्न पूर्वीही झाले होते. १८९३ च्या सुमारास जमशेटजी टाटा ह्यांनी जपानी कंपनीच्या साह्याने सूत वाहून नेण्यास स्वतःची जहाजे लावली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने दर इतके उतरविले की ती बंद करावी लागली. १९०६ त तुतिकोरिनास चिदंबरम पिळ्ळे ह्यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली. तिचा शेवटही दरांच्या युद्धात आणि तिच्या संस्थापकाच्या तुरुंगवासात झाला. हे सर्व डोळ्यांपुढे असताना १९१९ त वालचंदांस बातमी लागली की, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज विकाऊ आहे. महायुद्धात ते रुग्णनौका म्हणून वापरले गेले होते. नरोत्तम मोरारजी, कापूस-धान्याच्या व्यापारातील किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ह्यांच्या साह्याने ते घेण्यात आले, आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्मास आली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून विलायतेस निघाले, आणि त्यात स्वतः वालचंद होते. ह्या दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

समारंभाचा भाग येथे संपतो. 'लॉयल्टी' जुने झाले होते, खर्चिक होते, आणि काही वर्षांतच ते मोडीत काढावे लागले. कंपनी तगली ती उतारूंवर नव्हे, मालावर. रंगूनचा तांदूळ आणि कलकत्त्याचा कोळसा हा त्या काळी हिंदुस्थानच्या किनारी वाहतुकीचा कणा होता, आणि तो लॉर्ड इंचकेप ह्यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हाती होता. सिंदियाची जहाजे रंगूनच्या धक्क्यास लागताच तांदळाचे भाडे झपाट्याने खाली आले. शिवाय जे व्यापारी वर्षभर आपला माल दुसऱ्या कोणाच्याही जहाजात घालणार नाहीत, त्यांस दिलेल्या भाड्यातील काही भाग मागाहून परत देण्याची पद्धत होती. एक गोणी जरी परक्या जहाजात घातली, तरी साठलेली सारी परतफेड बुडे. अशा पेचात धान्याचा व्यापारी स्वदेशीचा कितीही अभिमानी असला, तरी नव्या कंपनीस माल देताना दहादा विचार करी.

शेवटी १९२३ त दोन्ही कंपन्यांत दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने आपल्या जहाजांचे वजन ठरीव मर्यादेत ठेवावे, उतारूंच्या वाहतुकीत पडू नये आणि किनाऱ्यावरील मालाचे दर संगनमताने ठरवावे, असे त्याचे स्वरूप होते. पुष्कळांनी ह्या करारास शरणागती म्हटले. वालचंदांसही तो सुखाचा नव्हता. परंतु करार केला म्हणूनच कंपनी जगली, आणि तिच्या पूर्वीच्या कंपन्या मेल्या, हेही नाकारता येत नाही. येथे एका गोष्टीकडे राष्ट्रीय दृष्टीने लिहिणाऱ्यांचे दुर्लक्ष होते, ती आम्ही नमूद करतो. दरांचे युद्ध चालले तोवर कोकणातील तांदूळ खाणाऱ्या गरिबास ते लाभदायक होते. करार होताच दर पुन्हा ठरीव झाले, आणि त्या ठरीव दरांत देशी कंपनीही भागीदार झाली. मालकी देशी झाली म्हणून भाडे आपोआप स्वस्त होते, असे नाही. देशी मालकीचा लाभ निराळ्या ठिकाणी आहे, तो पुढे दिसेल.

मालकीचा प्रश्न आणखी एका अर्थाने विचारण्याजोगा आहे. सिंदिया ही भागांची कंपनी होती. हजारो भागीदारांचा पैसा तीत होता. पण कारभार चाले तो मॅनेजिंग एजंटांच्या, म्हणजे नरोत्तम मोरारजी आणि कंपनी ह्या पेढीच्या हातून. म्हणजे पेढी अदृश्य झाली नव्हती. ती कंपनीच्या आत जाऊन बसली होती. ह्या पद्धतीचे गुण होते. बुडीत वर्षांत पेढीची पत कंपनीस सावरी, आणि निर्णय लवकर होत. दोषही तितकेच होते. भांडवल अनेकांचे आणि अधिकार थोड्यांचा, त्यामुळे कंपनीचे हित कोठे संपते व घराण्याचे कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होई. १९७० त कायद्याने ही पद्धत बंद झाली. १९२९ त नरोत्तम मोरारजी ह्यांचे अपघाती निधन झाल्यावर कंपनीची धुरा वालचंदांकडे आली, आणि १९५० पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. तत्पूर्वी १९२८ त साराभाई नेमचंद हाजी ह्यांनी किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे बिल मध्यवर्ती कायदेमंडळात आणले होते. ते कायद्यात उतरले नाही, परंतु प्रश्न मात्र देशापुढे कायमचा उभा राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर फार कठोर रीतीने मिळाले. १९४२ त जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. जहाजे युद्धाच्या कामात गुंतली. सिंदियाची कित्येक जहाजे शत्रूने बुडविली. १९४३ त बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. बंगालच्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, आणि वाहतूक हे त्यांपैकी एकच. परंतु परक्यांच्या जहाजांवर ज्याचे अन्न अवलंबून आहे, त्या देशास संकटाच्या दिवशी त्या जहाजांवर हुकूम चालविता येत नाही, एवढे त्या दोन वर्षांनी सिद्ध केले. देशी मालकीचा खरा लाभ आम्ही म्हणतो तो हा. सुकाळात ती स्वस्त असेलच असे नाही. पण अडचणीच्या वेळी तिला जाब विचारता येतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. विशाखापट्टणास सिंदियाने जहाजे बांधण्याचा कारखाना काढला. १९४१ त बाबू राजेंद्रप्रसादांनी त्याची कोनशिला बसविली, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. हा कारखाना पुढे सरकारी मालकीचा झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. त्यांच्यानंतर काही महिन्यांनी, १ जानेवारी १९५४ रोजी, ज्या बार्शी रेल्वेच्या कामातून त्यांचा उदय झाला, ती भारत सरकारने विकत घेतली. सिंदियाचा कारभार नंतर नरोत्तम मोरारजींच्या घराण्यात दीर्घकाळ राहिला, आणि त्यांच्या स्नुषा सुमती मोरारजी ह्यांनी १९५६ त भारतीय जहाजमालकांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. पण कर्जाच्या ओझ्याखाली ही कंपनीही खचली, आणि विसावे शतक संपता संपता तिचा जहाजांचा धंदा थांबला. बार्शीचे अरुंद रूळ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंद झाले, आणि कुर्डुवाडीस पोती बदलण्याचे काम इतिहासजमा झाले.

ह्या सर्व हकिकतीचे तात्पर्य काय? एक घराणे उदयास आले व त्याची कीर्ती झाली, एवढेच पाहावयाचे असेल तर चरित्रे पुष्कळ आहेत. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, तांडा, पेढी, विलायती रेल्वे, स्वदेशी जहाज व सरकारी खाते अशा पाच प्रकारच्या धन्यांनी गेल्या दोनशे वर्षांत ह्या मुलुखाचा माल वाहिला, आणि त्यांतील प्रत्येकाने आपल्या आधीच्याचा एक दोष काढला व स्वतःचा एक नवा आणला. तांड्याची चाल मंद होती. रेल्वे वेगवान होती, पण तिचा ओढा बंदराकडे होता. जहाज देशी होते, पण दर पूर्वीचेच ठेवून. सरकारी रुळांवर जाब विचारता येतो, परंतु तो ऐकणारा माणूस पेढीच्या गादीवर जसा समोर बसलेला असे, तसा सापडत नाही. कौटुंबिक पेढीचे मोठे बळ हेच होते की, तिच्या नावास एक चेहरा होता. भाव फिरविला तर लोक दारात येऊन बोलत. तिची मर्यादाही हीच होती की, तो चेहरा आपल्या पेठेपलीकडे कोणी ओळखत नसे. वालचंदांनी ती मर्यादा ओलांडली, आणि ती ओलांडताना पेढीचा तो चेहरा मागे राहिला.

मंगळवेढ्याची ज्वारी आज मालमोटारीने एका रात्रीत मुंबईस पोचते. पोचण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. तिच्या भावातील किती आणे पिकविणाऱ्यास, किती वाहून नेणाऱ्यास आणि किती मधल्यांस मिळतात, हा प्रश्न मात्र तांड्यांच्या काळी होता तसाच उभा आहे. तो सोडविताना नव्या योजकांनी ह्या जुन्या वाटांचा इतिहास एकदा वाचून पाहावा, इतकीच आमची विनंती.